दीड-दोन लाख रनिंग झालेली डिझेल सेडान: सोलापुरात घेताना आणि सांभाळताना

जुनी डिझेल सेडान बघायला गेलेला माणूस आधी मीटर बघतो, आणि बहुतेक वेळा तिथेच फसतो. सोलापूर-पुणे महामार्गावर पाचव्या गिअरमध्ये झालेलं दीड लाखाचं रनिंग आणि शाळा, बाजार, दवाखाना करत गल्लीबोळात झालेलं सत्तर हजारांचं रनिंग, यांत पहिली गाडी जास्त वेळा धड निघते. डिझेल इंजिन पूर्ण तापून एका लयीत चाललं की झिजतं कमी. चार किलोमीटरच्या फेऱ्यांत ते तापतच नाही, ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) काजळीने भरतो, क्लच झिजतो, टर्बोला मोकळा श्वास मिळत नाही. म्हणून विकणाऱ्याला विचारायचं ते असं: गाडी कुठे चालली, ऑइल किती किलोमीटरला बदललं आणि त्याची बिलं आहेत का. तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असेल तर पहिल्या दोन उत्तरांना फारशी किंमत देऊ नका.

त्याआधी स्वतःचा हिशोब. महिन्याला हजार किलोमीटरपेक्षा कमी चालणार असेल आणि तेही शहरातच, तर पेट्रोल घ्या. डिझेलमध्ये वाचलेले पैसे एका इंजेक्टरच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागाच्या) कामात जातात. पुणे, लातूर, विजापूर, हैदराबाद अशा फेऱ्या नियमित असतील तर डिझेलला तोड नाही. आणि हातातले सगळे पैसे गाडीत घालू नका. चार लाख असतील तर सव्वातीन लाखांपर्यंतची गाडी बघा. उरलेले पैसे पहिल्या महिन्याची कामं, टायर-बॅटरी, ट्रान्सफर आणि विमा यांत लागतातच.

कोणती गाडी

मारुतीची डिझेल स्विफ्ट डिझायर, म्हणजे १२४८ सीसीचं मल्टिजेट इंजिन. हेच इंजिन फियाट लिनिया आणि टाटा मांझातही आहे, त्यामुळे सुटे भाग सहज मिळतात आणि सोलापुरातल्या बहुतेक मेस्त्रींचा हात त्यावर बसलेला असतो. यात टायमिंग चेन (पिस्टन आणि व्हॉल्व्हची लय जुळवणारी साखळी) आहे, पण ‘चेन आहे, म्हणजे कधी बघायला नको’ ही समजूत महागात पडते. चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. ऑइल पंधरा-वीस हजारांपर्यंत ताणलेल्या गाडीत चेन सैल पडते आणि सकाळी सेल्फ मारल्यावर पहिले दोन-तीन सेकंद समोरून खळखळ ऐकू येते. हा आवाज ऐकला की चेन किटचा खर्च किमतीतून वळता करा.

टोयोटा इटिऑस डिझेल, १३६४ सीसी, तीही चेनवाली. साधी, दणकट, पण टॅक्सीत सर्वाधिक चाललेल्या गाड्यांपैकी एक. होंडा अमेझच्या दीड लिटर डिझेलचा आवाज जास्त येतो, ॲव्हरेज उत्तम. ह्युंदाई वेर्ना १.६ ताकदवान आहे, मात्र तिचं व्हेरिएबल टर्बो आणि क्लचचं काम खिशाला जड.

फोक्सवॅगन व्हेंटो आणि स्कोडा रॅपिडच्या १.६ टीडीआयमध्ये, तसंच निस्सान सनी, रेनो स्काला, महिंद्रा व्हेरिटो यांच्या दीड लिटर डिझेलमध्ये चेनऐवजी टायमिंग बेल्ट आहे. हा बेल्ट तुटला की पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात आणि सरळ हेडचं काम निघतं. बेल्ट बदलल्याचं बिल नसेल, तर तो बदललेलाच नाही असं धरून चला. फोर्ड फिएस्टाचं १.४ डिझेल काटक आहे, त्यातही बेल्टच. फोर्डने २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं, त्यामुळे इंजिनचे भाग मिळाले तरी बॉडी आणि इलेक्ट्रिकलच्या भागांसाठी थांबायची तयारी ठेवा.

बीएस-३ की बीएस-४ (गाडीच्या धुराचे सरकारी निकष), हेही बघा. २०१० मध्ये देशातल्या पहिल्या मोजक्या १३ शहरांत बीएस-४ लागू झालं, त्यांत दिल्ली, मुंबई, पुण्याबरोबर सोलापूरही होतं. सगळ्या देशात ते एप्रिल २०१७ पासून आलं. म्हणजे शेजारच्या जिल्ह्यातून किंवा राज्यातून आलेली मधल्या वर्षांतली गाडी बीएस-३ असू शकते. आरसीवर नोंद असते, ती वाचा.

कागद

गाडी बघण्याआधी परिवहनच्या ॲपवर नंबर टाका. नोंदणीची तारीख, कितवा मालक, बँकेचा बोजा, विमा, पीयूसी, सगळं दिसतं. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी करून ५ वर्षांसाठी वाढवावी लागते, त्याची फी आणि पर्यावरण कर वेगळा. चौदा वर्षांची गाडी ‘स्वस्तात’ मिळते ती याच कारणाने. ई-चलनंही तपासा, थकलेला दंड गाडीच्या मागे येतो.

आपण सीमेवरचे लोक, त्यामुळे कर्नाटकातल्या केए-२८, केए-३२ पासिंगच्या गाड्या सर्रास विकायला असतात. किमतीला चांगल्या वाटतात, पण तिथल्या आरटीओची नाहरकत, इथला रोड टॅक्स आणि एमएच-१३ चा नवा नंबर, हे सगळं जोडल्यावर फरक बहुतेक मिटतो. दहा वर्षं झालेल्या दिल्लीच्या डिझेल गाड्याही अशाच उतरतात. तिथे त्यांच्यावर निर्बंध आले म्हणून स्वस्त असतात, गाडी वाईटच असते असं नाही. तरीही नाहरकत हातात पडेपर्यंत इसारापलीकडे एक रुपया देऊ नका.

राज्यातल्या राज्यात ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३० लागतात, कर्ज फिटलेलं असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र. चेसिस नंबर आरसीशी स्वतः ताडून पाहा. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. जुन्या मालकाचा नो-क्लेम बोनस त्याच्याबरोबर जातो, आपल्याला मिळत नाही.

टॅक्सीतून खासगी केलेली गाडी ओळखायची तर आरसीवरचा पूर्वीचा वर्ग, नंबर प्लेटखालचा पिवळ्या रंगाचा माग आणि स्पीड गव्हर्नरची उरलेली वायरिंग बघा. अशी गाडी वाईटच असते असंही नाही, पण तिचं खरं रनिंग तीन लाखांच्या पुढे असू शकतं.

मीटर मागे केलाय का, हे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरच्या नोंदीत चटकन कळतं. नोंदी नसतील तर ब्रेक-क्लच पॅडलचे रबर, स्टिअरिंगची चकाकी आणि ड्रायव्हर सीटचा बाहेरचा काठ बघा. सत्तर हजारांच्या गाडीत पॅडलचं रबर गुळगुळीत होत नाही. टायरवरचा चार आकडी कोडही बोलतो. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. मीटर पन्नास हजार दाखवत असेल आणि टायरचा तिसरा संच दिसत असेल, तर हिशोब जुळत नाही.

थंड इंजिनवर तपासणी

सकाळी लवकर जा आणि ‘मी येईपर्यंत गाडी चालू करू नका’ असं आदल्या दिवशीच सांगा. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर चहा पिऊन वाट बघू नका, दुसऱ्या दिवशी या. थंड सुरुवातीत लपलेले दोष तापलेल्या इंजिनवर दिसत नाहीत.

चालू करण्याआधी कूलंटचं झाकण उघडा. रंग स्वच्छ हिरवा, लाल किंवा गुलाबी असावा. तांबूस गढूळ पाणी म्हणजे कूलंटऐवजी साधं पाणी भरलंय. त्यावर तेलाची साय दिसली तर गाडी सोडा. डिपस्टिकवरचं ऑइल काळं असणारच, डिझेलमध्ये ते पाचशे किलोमीटरमध्ये काळं होतं, त्यावरून काही ठरवू नका. मात्र पातळी खुणेच्या वर असेल आणि डिझेलचा वास येत असेल तर इंजेक्टर गळत असल्याची शंका धरा.

आता सेल्फ मारा. धड गाडी दोन-तीन सेकंदांत उठते. सोलापुरात उन्हाळ्यात पहाटेही हवा उबदार असते, त्यामुळे ग्लो प्लग (थंड इंजिन आतून तापवणारे प्लग) गेलेले असले तरी गाडी उठते. म्हणून डिसेंबर-जानेवारीची सकाळ गाडी बघायला सर्वांत चांगली. धुरावर नजर ठेवा. सुरुवातीचा क्षणभराचा धूर चालतो. पांढरा धूर राहिला आणि डोळे चुरचुरले तर डिझेल पुरतं जळत नाही: ग्लो प्लग, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन. पांढरा धूर गोडसर वासाचा असेल आणि कूलंट घटत असेल तर हेड गॅस्केट. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. जोरात ॲक्सिलरेटर दिल्यावर काळ्या धुराचा लोट म्हणजे हवा कमी पडतेय: तुंबलेला एअर फिल्टर, इंटरकूलरचा (टर्बोची गरम हवा गार करणाऱ्या जाळीचा) फाटलेला पाइप, अडकलेला ईजीआर किंवा थकलेला टर्बो.

इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण सैल करून तसंच ठेवा. थोडी हवा येतेच. झाकण उडू लागलं, धूर भकाभका बाहेर पडू लागला, तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात आणि पुढे फुल इंजिनचं काम आहे. अशा गाडीचा सौदा कितीही गोड असला तरी करू नका.

प्लास्टिकचं कव्हर काढून इंजेक्टरच्या मुळाशी बघा. डांबरासारखा कडक काळा थर दिसला तर खालचा तांब्याचा वॉशर गळतोय. वॉशर पाच-पंचवीस रुपयांचा, पण असा इंजेक्टर हेडमध्ये जाम होतो आणि काढताना तुटला तर खर्च हजारोंत जातो.

स्कॅनर घेऊन येणारा मेस्त्री बरोबर असू द्या. फॉल्ट कोड वाचायचेच, पण ते कालच पुसलेले असू शकतात, म्हणून चालू इंजिनचे आकडे जास्त महत्त्वाचे. आयडलला रेल प्रेशर (इंजेक्टरना मिळणाऱ्या डिझेलचा दाब) साधारण २५० ते ३०० बारच्या आसपास असतं, गाडीगणिक थोडा फरक. ईसीयूने (इंजिनच्या संगणकाने) मागितलेलं आणि प्रत्यक्ष प्रेशर जवळजवळ सारखं राहायला हवं, आकडा नाचत असेल तर पंप, रेग्युलेटर किंवा फिल्टर. मग चारही इंजेक्टरचं करेक्शन, म्हणजे ईसीयू प्रत्येकाचं डिझेल किती कमी-जास्त करतोय, ते बघा. एकाचाच आकडा बाकीच्यांपेक्षा फार वेगळा असेल तर तो दोषी. शंका राहिली तर रिटर्न टेस्ट करून घ्या. चारही इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या चार बाटल्यांत सोडून काही मिनिटं इंजिन चालवायचं. एका बाटलीत इतरांच्या दुप्पट-तिप्पट डिझेल आलं की तो इंजेक्टर झिजलाय.

अपघात ओळखायला रंगापेक्षा आत बघा. दाराचं रबर ओढून स्पॉट वेल्डचे गोल ठसे ओळीने आहेत का, बॉनेट आणि फेंडरच्या बोल्टवर पाना लागलाय का, रेडिएटरचा वरचा आडवा पट्टा सरळ आहे का. दार किंवा बंपर रंगवलेला चालतो. खांब किंवा चेसिसची पुढे आलेली टोकं (शिंगं) ठोकलेली चालत नाहीत.

पुरात बुडालेली गाडी तर हातही लावायची नाही. २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापूरकडे आणि २०२५ च्या सप्टेंबरात सीनेच्या पुरात आपल्याच जिल्ह्यात पाणी घराघरांत शिरलं होतं. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा, आतल्या टोकाला गाळाची रेघ राहते. सीटच्या रुळांचा गंज, गालिच्याखालची माती आणि फ्यूज बॉक्समधली हिरवट बुरशीही बघा. सोलापूरच्या कोरड्या हवेत वाढलेल्या गाडीला गंज सहसा लागत नाही, त्यामुळे इथल्या पासिंगच्या गाडीत तो दिसला की का, हे विचाराच.

चालवून बघताना

दहा मिनिटांच्या चकरेने काही कळत नाही. निदान तासभर, एसी लावून, शक्य असेल तर तुळजापूरच्या घाटापर्यंत न्या. चढावर तापमानाचा काटा मधल्या जागेवरून हलता कामा नये. चौथ्या गिअरमध्ये १५०० च्या आरपीएमवरून पूर्ण ॲक्सिलरेटर द्या. १८०० ते २००० च्या दरम्यान टर्बो ओढ घेतो, ती सलग यायला हवी. आरपीएम चढला आणि गाडीने वेग घेतला नाही तर क्लच घसरतोय. सोडताना थरथर आली किंवा इंजिन बंद करताना खडखड झाली तर फ्लायव्हीलही बघावं लागेल, आणि ज्या गाड्यांत दोन भागांचं (ड्युअल मास) फ्लायव्हील आहे तिथे तो मोठा खर्च आहे.

दुसऱ्या गिअरमध्ये पटकन टाकताना किरकिर म्हणजे गिअर जुळवणारा सिंक्रो झिजलाय. मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून फिरताना टक-टक म्हणजे एक्सलचा जॉइंट. दुपारी उन्हात उभ्या गाडीचा एसी आयडलला दहा मिनिटं चालवा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४४ वर जातो, तेव्हा फक्त पळताना गार करणारा एसी निरुपयोगी आहे.

परत आल्यावर टर्बोपासून इंटरकूलरला जाणारा पाइप बघा. आत तेलाचा पातळ थर असतोच, पण तेल साचलेलं नको. टर्बोचा पंखा बोटाने हलवा. आडवा किंचित हलला तर चालतो, आत-बाहेर अजिबात हलता कामा नये.

घरी आणल्यावर पहिल्या महिन्यात

जुन्या मालकाने काय सांगितलं ते बाजूला ठेवा आणि शून्यापासून नोंद सुरू करा. इंजिन ऑइल आणि फिल्टर, डिझेल फिल्टर, एअर फिल्टर, केबिन फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल, गिअर ऑइल, बाहेरचे बेल्ट. बिल नसेल तर टायमिंग बेल्टही, आणि त्याच वेळी टेन्शनर, आयडलर. ज्या इंजिनात वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरतो, तिथे पंपही. मजुरी एकदाच लागते. पंप वाचवून पुढे तो गळला की सगळं पुन्हा उघडायचं.

डिझेल फिल्टर बदलल्यावर हातपंप असेल तर तो कडक होईपर्यंत दाबून हवा काढा, मगच सेल्फ मारा. कोरड्या लाइनवर सेल्फ मारत राहिलं तर हाय प्रेशर पंप कोरडा घासतो. डिझेल हेच त्याचं वंगण आहे.

इंजेक्टर काढायचा झाला तर वॉशर नवाच घाला. इंजेक्टर बदलला तर त्याच्यावरचा कोड ईसीयूत भरून घ्या. पुष्कळ ठिकाणी हे टाळलं जातं, आणि मग नवा इंजेक्टर टाकूनही गाडी ठोकत राहते.

पुढे सांभाळताना: ऊन, धूळ आणि बोअरचं पाणी

ऑइल कंपनीच्या पुस्तकातल्या ग्रेडचंच घाला, ५डब्ल्यू-३० किंवा ५डब्ल्यू-४० जे लिहिलं असेल ते. डिझायरच्या इंजिनाला सुमारे तीन लिटर लागतं, काही इंजिनांना चारच्या पुढे. पुस्तक १०,००० किलोमीटर म्हणत असेल तरी जुन्या गाडीला आपल्या धुळीत आणि उन्हात ७,५०० ला बदला. दर हजार किलोमीटरला सकाळी डिपस्टिक बघा. हजारात पाव लिटरच्या आत खपत असेल तर घाबरू नका, फक्त भरत राहा.

कूलंटवर सोलापुरात सर्वांत जास्त चुका होतात. इथलं बोअरचं पाणी जड आहे. ते रेडिएटरमध्ये गेलं की हीटरच्या आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांत क्षार बसतात, आणि पुढच्या एप्रिलमध्ये गाडी तापते. तयार मिसळलेलं कूलंट वापरा, नाहीतर कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. दोन वर्षांनी किंवा ४०,००० ला बदला. रस्त्यात नाइलाजाने बिसलरी-बोअर जे मिळेल ते घातलंच, तर घरी आल्यावर पूर्ण काढून टाका.

दुसरी चूक म्हणजे ‘आपल्याकडे ऊन फार’ म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकणं. थर्मोस्टॅट ८२ ते ८८ अंशांच्या आसपास उघडतो आणि इंजिन ठरलेल्या तापमानावर ठेवतो. तो नसला की महामार्गावर इंजिन थंडच राहतं, ईसीयू जास्त डिझेल सोडतो, ॲव्हरेज पडतं, काजळी वाढते, रिंगा झिजतात. गाडी तापत असेल तर कारण दुसरं आहे: पंखा, रेडिएटर, वॉटर पंप किंवा प्रेशरचं झाकण. झाकणाचं रबर कडक झालं की दाब टिकत नाही आणि पाणी लवकर उकळतं. हा सर्वांत स्वस्त भाग सर्वांत शेवटी तपासला जातो, तो आधी तपासा. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधला कचरा उन्हाळ्याआधी हलक्या पाण्याने काढा. प्रेशर वॉशर जवळून मारला तर पात्या वाकतात.

एअर फिल्टर दर ५,००० ला उघडून बघा. झटकून चालेल, हवा मारायची असेल तर आतून बाहेर आणि कमी दाबाने. कॉम्प्रेसरच्या जोरदार हवेने कागदाला न दिसणारी छिद्रं पडतात आणि ती धूळ टर्बोच्या पंख्यावर आदळते. उसाच्या हंगामात कच्च्या रस्त्यांवरून फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर १०,००० ला सरळ नवा घाला.

डिझेल फिल्टरमधलं पाणी दर ५,००० ला खालच्या स्क्रूने काढा. फिल्टर २०,००० ला बदला. डिझेल खपाच्या पंपावरून भरा आणि टाकी पावाच्या खाली नेऊ नका. तळाशी साचलेला गाळ तेव्हाच ओढला जातो.

आठवड्यातून एकदा मोहोळपर्यंत तरी मोकळी पळवा, चौथ्या गिअरमध्ये २,५०० आरपीएमवर वीस-पंचवीस मिनिटं. ईजीआर आणि टर्बोच्या पात्यांवरची काजळी यानेच आटोक्यात राहते. सकाळी चालू केल्यावर अर्धा मिनिट थांबून सावकाश निघा, ऑइल टर्बोपर्यंत पोचायला वेळ लागतो. महामार्गावरून येऊन टोलनाक्याजवळ किंवा ढाब्यावर थांबलात तर लगेच चावी फिरवू नका, मिनिटभर आयडलला ठेवा. पळून आलेल्या टर्बोत ऑइलचा प्रवाह एकदम थांबला की उरलेलं तेल बेअरिंगवर जळून कोळसा होतं.

बॅटरी आपल्या उन्हात तीन-चार वर्षांत थकते. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर १२.४ व्होल्टच्या खाली आणि सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जात असेल तर थंडी पडण्याआधी बदला. कमजोर बॅटरीवर इंजिन हळू फिरतं, पुरेसं रेल प्रेशर बनत नाही, आणि लोक इंजेक्टरला दोष देत बसतात. चालू इंजिनवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले पाहिजेत, नाहीतर अल्टरनेटर बघा.

नोव्हेंबरात ग्लो प्लगही मल्टिमीटरने तपासून घ्या. प्लगचा रोध एक-दोन ओमच्या आत असतो, मीटर काहीच दाखवत नसेल तर तो मेलाय. काढताना इंजिन गरम हवं आणि आदल्या रात्री मुळाशी पेनिट्रेटिंग ऑइल सोडलेलं हवं. थंड इंजिनवर जोर लावला की प्लग हेडमध्येच तुटतो. मेस्त्री घाईत असेल तर त्या दिवशी ते काम देऊ नका.